जिन्यातला धूर

आई शेजारच्या बायकांना सांगते, "आमची प्रज्ञा आगीचे गेम करते." बायका हसतात आणि नातवंडासाठी एखादा मोबाइलमध्ये टाकून देशील का, असं मला विचारतात. पूर्वी मी समजावत बसायचे. आता नुसतं हसते.

तसं आईचं वाक्य चुकीचं नाही. मी मुलुंडला एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात बसून कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करते, त्यांना आग लावते आणि आतली माणसं काय करतात ते बघते. इमारत खोटी, आग खोटी. माणसं मात्र खरी असतात.

त्याआधी मी अंधेरीच्या एका स्टुडिओत खरेच गेम करायचे. बाइकच्या शर्यती, पत्ते, फळं कापायची, असले. ते ज्याच्यावर बनतात त्याला गेम इंजिन म्हणतात. नाव भारी आहे, पण गोष्ट सोपी आहे. नाटकाचं थिएटर असतं ना, रंगमंच, दिवे, पडदे, विंगा सगळं तयार, तुम्ही फक्त नाटक बसवायचं, तसंच हे. वस्तू सोडली की खाली पडते, भिंतीतून आरपार जाता येत नाही, दिवा लावला की सावली पडते, हे सगळं त्यात आधीच बसवलेलं असतं. त्यावर तुम्ही बाइकची शर्यत उभी करा नाहीतर कांजूरमार्गची एखादी इमारत. इंजिनाला काही फरक पडत नाही.

फरक मला पडला. स्टुडिओ बंद पडला तेव्हा ओळखीच्या एकांनी मला शुभदा मॅडमकडे पाठवलं. मॅडमचा विषय आग. आगीपेक्षाही, आग लागल्यावर माणूस कसा वागतो हा. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "माणसांना खऱ्या धुरात सोडून मला प्रयोग करता येत नाही. खोट्या धुरात सोडता येईल असं काहीतरी करून देशील?"

म्हटलं, देईन. मला तेव्हा ते गेमपेक्षा सोपं वाटलं होतं. गुण द्यायचे नाहीत, संगीत द्यायचं नाही, कुणाला जिंकवायचं नाही.

प्रयोग असा चालतो. स्वयंसेवक येतो. त्याच्या डोळ्यांवर हेडसेट चढवतो. त्याला वाटतं आपण एका घरात आहोत. सोफा आहे, गॅस आहे, बाहेर पॅसेज आहे. मग अलार्म वाजतो, दाराखालून धूर यायला लागतो. तो कुठे बघतो, किती वेळ घोटाळतो, कुठल्या दाराकडे वळतो, सगळं नोंदलं जातं. धूर कसा पसरेल ते मॅडमचं आगीचं गणित ठरवतं, मी तो धूर इमारतीत भरते. धूर पाण्यासारखाच वागतो, फक्त उलटा. पाणी खाली जायला वाट शोधतं, धूर वर जायला. आणि आपल्या इमारतींमध्ये खालून वर जायला सगळ्यात सरळ वाट असते ती जिन्याची.

आम्हाला वाटायचं, माणसं अलार्म वाजला की पळतील. पळत नाहीत. बोरीवलीचे एक निवृत्त बँक मॅनेजर आले होते. अलार्म वाजल्यावर त्यांनी खोट्या घरातला खोटा गॅस बंद केला, पंखे बंद केले, दाराला कडी घातली आणि कुलूप कुठे आहे म्हणून मला विचारायला लागले. मी म्हटलं, "काका, आग लागलीये." ते म्हणाले, "हो ना, म्हणूनच. आगीच्या वेळेलाच चोऱ्या होतात." घाटकोपरच्या एक बाई तीन मजले उतरून परत वर गेल्या. का, तर सासूबाई मागे राहिल्या असतील. त्या खोट्या घरात सासूबाई नव्हत्याच. रोज गेम खेळणारी कॉलेजची मुलं आम्हाला सगळ्यात निरुपयोगी. ती सरळ गॅलरीतून उडी मारायची आणि विचारायची, "मॅम, किती लाइफ आहेत?"

हे सगळं सांगताना मजा वाटते. पहिली काही वर्षं आम्हालाही वाटायची.

मग कांजूरमार्गच्या एका पुनर्वसनाच्या इमारतीला आग लागली.

दुपारची वेळ होती. तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये वायरिंग पेटलं. विजेच्या तारा ज्या उभ्या पोकळीतून वर जातात तिला डक्ट म्हणतात. तिला प्रत्येक मजल्यावर झाकण हवं, दार हवं. तिथे निम्म्या मजल्यांवर दारं नव्हतीच, होती ती उघडी. आग फार वर गेलीच नाही, धूर गेला. डक्टमधून जिन्यात आणि जिन्यातून वरपर्यंत. माणसं मेली ती जिन्यात, खाली उतरताना. कुणाच्याही अंगावर भाजल्याची खूण नव्हती.

रहिवाशांनी परवानगी दिल्यावर मॅडमनी ती इमारत अभ्यासाला घेतली. मी स्कॅनर घेऊन तो जिना मोजायला गेले. भिंती वरपासून खालपर्यंत काळ्या झाल्या होत्या. त्या काजळीत हाताचे पंजे उमटले होते, वरून खाली ओढत गेलेले. दिसत नसलं की माणूस भिंत धरून चालतो, हे मी प्रयोगात शेकडो वेळा पाहिलं होतं. तिथे ते भिंतीवर लिहिलेलं होतं. मी फोटो काढले, कारण ते माझं काम होतं. कॉम्प्युटरवर जिना उभा केला तेव्हा पंजे घातले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "नको. त्याने उत्तर बदलत नाही."

इमारत तयार झाली ती आगीच्या आधीची. स्वच्छ पिवळ्या भिंती, पॅसेजमध्ये सायकली, कुंड्या. वाचलेल्या माणसांना आम्ही हेडसेट लावून त्यांच्या त्यांच्या मजल्यावर उभं करायचो आणि त्या दिवशी काय केलंत, ते चालत चालत सांगा म्हणायचो. धूर दाखवायचो नाही. समुपदेशक ताई शेजारी बसलेल्या असायच्या. खुर्चीत बसून माणसाला जे आठवत नाही ते जागेवर उभं राहिलं की आठवतं. एक आजी पॅसेजमध्ये थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे चपलांचं कपाट होतं. तुम्ही ठेवलं नाही. मी त्याला अडखळले होते, म्हणून तर परत घरात गेले." त्या कपाटाने त्यांना वाचवलं होतं.

अशी एकेकाची हकीकत जोडत आम्ही तो दिवस पुन्हा उभा केला. वाचलेल्यांच्या जागी रंगीत आकृती, गेलेल्यांच्या जागी करड्या. आम्ही त्यांना पुतळे म्हणतो. चेहरा नाही, कपडे नाहीत.

त्यातला एक करडा पुतळा ऋतुजाचा होता. अकराव्या मजल्यावर राहणारी, बारावीत शिकणारी मुलगी. आई-वडील दोघंही कामावर गेले होते, ती घरी अभ्यास करत बसली होती. ती सातव्या मजल्याच्या वळणावर सापडली.

तिचे वडील भास्करराव एके दिवशी न सांगता आमच्या गाळ्यावर आले. मुलुंडलाच एका कारखान्यात ते मशीन चालवायचे. कामाच्याच कपड्यांत होते.

"मला आत सोडा," ते म्हणाले.

मला वाटलं, ऑफिसच्या आत. म्हटलं, या ना.

"इथे नाही. त्यात. बिल्डिंगमध्ये."

मॅडमनी नाही म्हटलं. ते आगीच्या वेळी इमारतीत नव्हते, त्यांना विचारण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं, आणि मुलगी गेलेल्या बापाला त्या जिन्यात उभं करणं मॅडमना पटेना. भास्करराव वाद न घालता निघून गेले. दुसऱ्या आठवड्यात परत आले, बाकावर बसून राहिले. मग पुन्हा. पाणी दिलं तर प्यायचे, चहा नको म्हणायचे. शेवटी समुपदेशक ताई त्यांच्याशी बोलल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "त्यांना तिथे जायचंय. खरा जिना आता रंगवून टाकलाय. आपल्याकडे आहे तेवढाच उरलाय."

तेव्हा कुठे परवानगी मिळाली. धूर नाही, पुतळे नाहीत, फक्त इमारत.

हेडसेट मी लावला. त्यांना अकराव्या मजल्यावर त्यांच्या दारासमोर उभं केलं. ते बराच वेळ दाराकडेच बघत होते. मग सावकाश उतरायला लागले. आमच्या खोलीत ते जागच्या जागीच पावलं टाकत होते, पण हात मात्र कठड्यावर ठेवल्यासारखा धरला होता. सातव्या मजल्याच्या वळणावर थांबले आणि खाली बसले. इथे फरशीवर बसले, तिथे पायरीवर.

हेडसेट लावलेल्या माणसाला आपण दिसत नाही. त्याला वाटतं, आपण एकटेच आहोत. माणसं अशा वेळी जे बोलतात ते समोरासमोर कधी बोलणार नाहीत. हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी तयारी नव्हती.

"मीच सांगितलं तिला," ते म्हणाले.

त्यांचा हात अजून कठड्यावर धरल्यासारखाच होता.

"शेजारच्याचा फोन आला, बिल्डिंगला आग लागली म्हणून. मी लगेच ऋतुजाला लावला. ती म्हणाली, बाबा, बाहेर धूर दिसतोय, मी दार लावून घेतलंय. मी ओरडलो. म्हटलं, दार लावून काय बसलीस, लिफ्ट घेऊ नको, जिन्याने खाली ये. आत्ताच्या आत्ता. बरोबर सांगितलं ना मी? लिफ्ट नको, जिना घ्या. खाली बोर्ड लावलाय तसा."

बोर्ड होता. मी स्वतः त्याचा फोटो काढला होता.

"मॅडम, ती घरातच थांबली असती तर?"

शुभदा मॅडम त्यांच्या जवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "भास्करराव, आमचं गणित एका माणसाचं सांगत नाही. आम्ही हजार तऱ्हांनी चालवून बघतो, त्यातून एकूण अंदाज—"

"तुमचं गणित मला कळायचं नाही. हो की नाही, तेवढं सांगा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ते घर मी कॉम्प्युटरवर धूर सोडून चालवून पाहिलं होतं. दार बंद ठेवून, उघडं ठेवून, खिडकी उघडून, लावून. मी म्हटलं, "दार बंद होतं तेव्हा तुमच्या घरात धूर फारसा आला नाही. जवळपास कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. हेडसेटसकट, जड.

"माहितीये मला," ते म्हणाले. "मी संध्याकाळी वर गेलो ना, तर घरातल्या भिंती पांढऱ्याच होत्या. पलंगावर पुस्तक उघडं पडलं होतं. पंखा काळा नाही, पडदे काळे नाहीत. दारात उभा राहिलो आणि तेव्हाच कळलं."

म्हणजे ते उत्तर विचारायला आलेच नव्हते. उत्तर त्यांच्या घरातच होतं. दुसऱ्या कुणीतरी ते तोंडाने म्हणावं, एवढ्यासाठी ते इतके दिवस बाकावर बसले होते.

निघताना त्यांनी मला बजावलं, "आमच्या हिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं पोरगी घाबरून पळाली. तसंच राहू दे. कळलं तर ती जगायची नाही."

आमच्याकडे नियम आहे. त्या खोलीत माणूस जे बोलतो ते त्या खोलीबाहेर जात नाही. अभ्यासात जातं ते नाव पुसून. मी म्हटलं, जाणार नाही.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने ऋतुजाची आई आली. मंदाताई. घाटकोपरला एका दवाखान्यात मदतनीस होत्या. नवरा इथे येऊन गेला हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना शेजारच्या आजींनी सांगितलं होतं की मुलुंडच्या ऑफिसात सगळी माणसं कॉम्प्युटरमध्ये चालताना दिसतात.

"त्यात ती आहे का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "आहे. पण ताई, चेहरा वगैरे नाही. नुसती आकृती आहे."

"दाखवा."

मॅडम आणि समुपदेशक ताई दोघींशी बोलून मी पडद्यावर तेवढी एकच आकृती दाखवली. धूर नाही, बाकी कुणी नाही. अकराव्या मजल्यावरून एक करडा पुतळा जिना उतरतो आहे. मंदाताई खुर्ची पुढे ओढून बघत राहिल्या.

"ही चाल कुणाची?" त्यांनी विचारलं.

मला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. चाल विकत मिळते. परदेशात कुणीतरी एक माणूस अंगाला चमकते ठिपके चिकटवून कॅमेऱ्यांसमोर चालतो, ती चाल साठवतात आणि जगभरचे गेमवाले घेतात. आमचे सगळे पुतळे, आजी असोत की मुलं, त्या एका अनोळखी माणसाच्या चालीने चालत होते. मी तसं सांगितलं.

"ती अशी नव्हती चालत," मंदाताई म्हणाल्या. "जिना दडादडा उतरायची ती. दोन-दोन पायऱ्या. मी ओरडायचे, पडशील म्हणून. हा बघा, कसा म्हाताऱ्यासारखा उतरतोय."

मी पडदा बंद करायला गेले तर त्यांनी हात धरला. "राहू द्या जरा."

मग पडद्याकडेच बघत, खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं. ऋतुजाने त्यांनाही फोन केला होता. वडिलांचा फोन ठेवल्यावर लगेच. आई, बाबा म्हणतात खाली ये, पण जिन्यात काळोख झालाय, काय करू?

"दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर हाक मारत होते. मी म्हटलं, बाबा सांगतात तसं कर. तोंडाला ओढणी बांध आणि उतर." मंदाताईंनी पदराने तोंड पुसलं. "तिला उतरायचं नव्हतं हो. म्हणून तर मला विचारलं. मी नको म्हणावं म्हणून विचारलं."

"तुम्ही भास्कररावांशी बोललात का हे?"

"वेड लागलंय का? ते आधीच अर्धे झालेत. त्यांना वाटतं त्यांनी सांगितलं हे मला माहीत नाही. मी माहीत आहे म्हटलं की मग माझंही सांगावं लागेल. तिने मला विचारलं होतं, एक नाही म्हटलं असतं तर पोरगी आज असती, हे कळल्यावर ते मला घरात ठेवतील?"

त्या गेल्यावर मी मॅडमना आणि समुपदेशक ताईंना सगळं सांगितलं. एकाच खोलीच्या घरात दोन माणसं, समोरासमोर जेवणारी, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. आणि दोघांच्याही बाजू ठाऊक असलेल्या जगात फक्त आम्ही तिघीजणी. मी मॅडमना म्हटलं, "काहीतरी करूया ना."

"काय करणार? दोघांनी विश्वासाने सांगितलंय."

"निदान बोला म्हणून सुचवूया."

ते आम्ही केलं. समुपदेशक ताईंनी दोघांना वेगवेगळं सुचवलं. दोघांनी वेगवेगळं नाही म्हटलं.

अभ्यास पूर्ण झाल्यावर रहिवाशांना निष्कर्ष सांगायचे, हे मॅडमनी सुरुवातीलाच कबूल केलं होतं. इमारतीच्या तळमजल्यावर सभा ठरली. मीटर रूमच्या बाहेरची मोकळी जागा, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, कुणी न सांगता बसले तसे. भास्करराव मागच्या रांगेत. मंदाताई पलीकडे, आजींच्या शेजारी.

मी चादरीवर इमारत दाखवली, मॅडम बोलत गेल्या. डक्टला दारं नव्हती, म्हणून धूर जिन्यात आला. घराचं दार लावून आत राहिलेले सगळे वाचले. आग तुमच्याच घरात असेल तर ताबडतोब बाहेर पडा. पण आग दुसरीकडे आहे आणि जिन्यात धूर आहे, तर उतरू नका. दार लावा, फटीत ओले कपडे कोंबा, खिडकीशी उभं राहून हाक मारा.

बोलताना मॅडमचा आवाज कोरडा होता. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी त्या जिन्यात गेलं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी उभे राहिले. "म्हणजे जे खाली पळाले त्यांचीच चूक?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बोर्डवर जे लिहिलंय तेच त्यांनी केलं. चूक उघड्या डक्टची."

पण लोकांना डक्ट नको असतो. माणूस हवा असतो. मागून कुणीतरी म्हणालं, "तरी थोडी अक्कल वापरायला पाहिजे होती. म्हातारी माणसं ठीक आहे. ती भास्करची पोरगी बारावीला होती, शिकलेली. दार लावून बसायचं कळत नाही? घाबरली आणि पळत सुटली."

भास्करराव उठले. खुर्ची मागे पडली.

"ए," ते म्हणाले, "ती घाबरली नव्हती. तिने दार लावून घेतलं होतं. तिला सगळं कळत होतं. मी फोन करून तिला बाहेर काढली. मी सांगितलं म्हणून उतरली ती. पुन्हा तिची अक्कल काढायची नाही."

बोलणारा माणूस खाली बघायला लागला. भास्करराव बायकांच्या बाजूला बघत नव्हते. त्यांना बघवत नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून मंदाताईंचा आवाज आला. त्या बसूनच बोलल्या.

"उतरायच्या आधी तिने मला विचारलं. मी हो म्हटलं."

भास्कररावांनी वळून पाहिलं.

"मलाही फोन केला होता तिने," मंदाताई म्हणाल्या. आता त्या फक्त त्यांच्याशीच बोलत होत्या, मधे एवढी माणसं बसलेली असताना. "तुम्ही सांगितलंत ते मला तेव्हापासून माहितीये."

चादरीवर इमारत तशीच होती. मी प्रोजेक्टर बंद केला, दुसरं काही सुचलं नाही. आजींनी मंदाताईंच्या पाठीवर हात ठेवला होता. भास्कररावांनी पडलेली खुर्ची सरळ केली, आणि ते सगळ्यांच्या मधून वाट काढत जिन्याने वर निघून गेले. लिफ्ट चालू होती. मंदाताई सभा संपेपर्यंत बसून राहिल्या.

आमचा अहवाल ज्यांच्याकडे जायला हवा त्यांच्याकडे गेला. त्या इमारतीचा बोर्ड बदलला, हे मी जाऊन पाहिलं आहे. डक्टला दारं बसली. शेजारच्या इमारतींत अजून नाहीत. मी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कुठेही, कुणाच्याही घरी गेले तरी आधी पॅसेजमधला डक्ट उघडा आहे का बघते. बहुतेक ठिकाणी उघडा असतो, आणि आत झाडू, बादल्या, जुनी वर्तमानपत्रं. मी सांगते. लोक हो हो म्हणतात. कामाचा अभिमान वाटतो का, असं मला एकदा एका कॉलेजात विचारलं. वाटतो. दार लावून थांबा, हे आता आम्ही पुराव्यानिशी सांगू शकतो. तो पुरावा ज्यांच्या जिवावर मिळाला त्यांचे पुतळे माझ्या कॉम्प्युटरवर आहेत, आणि नवीन काही तपासायचं असलं की मी त्यांना पुन्हा जिन्याने खाली पाठवते. मग अभिमानाचं काय करायचं ते कळत नाही.

मंदाताई मला मागच्या उन्हाळ्यात भेटल्या. कांजूरमार्गला स्टेशनबाहेर भाजी घेत होत्या. मी हाक मारावी की नाही या विचारात होते, पण त्यांनीच ओळखलं. भेंडी निवडत निवडत बोलल्या. दवाखाना सोडला, आता जवळच एका शाळेत लागले आहे, असं म्हणाल्या.

"आणि भास्करराव?"

"आहेत. बोलतो आता आम्ही." त्यांनी एक जून भेंडी मोडून बाजूला टाकली. "म्हणजे भांडतो. आधी तेही नव्हतं. नुसते टीव्हीकडे बघत बसायचो."

त्यांनी पुढची भेंडी उचलली.

"परवा ते म्हणाले, तू नाही म्हणाली असतीस तर ती थांबली असती. म्हटलं, हो, थांबली असती. आणि तुम्ही फोनच केला नसतात तर तिने मला विचारलंच नसतं. ते म्हणाले, हो. मग बराच वेळ दोघंही रडलो." त्यांनी भाजीवाल्याच्या तागडीत भेंडी टाकली. "मग भूक लागली. जेवायला बसलो."